पाहुण्यांना दिलेलं गाणं

आये,

तू असतीस तर तुझ्यासमोर बसून असा कागद काळा करायची माझी हिंमत झाली नसती. माझ्या हातात कागद दिसला की तुझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि गेल्या रविवारपासून मला जे एकेक कळत गेलंय, ते तुला विचारल्याशिवाय माझा घास खाली उतरत नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. जिवंत होतीस तेव्हा तरी माझं बोलणं कुठं पुरतं ऐकून घ्यायचीस!

आधी आनंदाची बातमी. तुझ्या नातीचं, सुनंदाचं लग्न ठरलंय. मुलगा कोसबाडकडचा आहे, कमी बोलतो, बरा आहे. येत्या आठवड्यात आपल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी देवीचा चौक लिहितील आणि गाणं होईपर्यंत तो कापडानं झाकून ठेवतील. गेरू कालवून ठेवला आहे, तांदूळ भिजत घालायचे आहेत.

आणि चौकापुढे म्हणायचं गाणं आपल्या पाड्यात कोणालाही पुरतं येत नाही, आये! तुझ्या घरात येत नाही! साऱ्या तलासरीत कोणाकडे लग्न निघालं की देवीला बोलवायला तुलाच न्यायचे. लग्नाची गाणी गाणारी धवलेरी म्हटलं की तू. आणि तुझ्याच नातीच्या लग्नात देवीला बोलवायचं कोणी, म्हणून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय.

रविवारी काय झालं ते सांगते. सुनंदा डहाणूच्या दवाखान्यात नर्स आहे, लग्नाची सुट्टी काढून घरी आली होती. आल्या आल्या म्हणाली, "आई, बँड-डीजे ते लोक आणतीलच. पण चौकापुढे मला आजीचंच गाणं पाहिजे."

मी म्हटलं, "आजीला आता कुठून आणू?"

"मी आणलीय," ती म्हणाली आणि तिनं फोन पुढे केला.

मुंबईच्या एका संस्थेनं फोनवर संग्रहालय केलंय. तिकीट नाही, रविवारी बंद नाही. त्यात तोंडानं वाजवायचा तारपा आहे, बोटानं ढकलला की गर्रकन फिरतो आणि भोपळ्याची मागची बाजूसुद्धा दिसते. एका घराच्या आत जाता येतं. कुडाच्या भिंती, भिंतींवर लिहिलेलं, कोपऱ्यात कणगी, सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या रेघा. दारातून आत जाताना मी मान खाली घातली. सुनंदा खिदळली, "आई, डोकं नाय आपटणार!" परदेशातली माणसंही हे बघतात म्हणे. ज्यांनी आयुष्यात कधी शेणाचा वास घेतला नाही, ती आपली सारवलेली जमीन बघतात. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्याला कोणी बघतंय असं इतकी वर्षं कुठं वाटलं होतं!

मग तिनं तुझा फोटो उघडला. तू ओट्यावर बसलेली, हिरवं लुगडं, एक हात गुडघ्यावर. खाली तुझं पूर्ण नाव, गावासकट. त्याखाली लिहिलेलं, 'लग्नचौकाचं आवाहनगीत'. सुनंदानं बोट लावलं.

तू खोकलीस. गाण्याआधी खोकायचीस तशी, एकदा मोठ्यानं आणि एकदा हळू. माझा हात आपोआप पदराकडे गेला आणि मी उभी राहिले. तू दारात आलीस असंच वाटलं मला. सूर लागला. तोच सूर, आये, लग्नाचा, तोच लांबवर ओढलेला, मध्येच मोडणारा. सुनंदा रडायला लागली. मीही रडले असते.

पण मला शब्द कळायला लागले.

तुझ्या गाण्यातला एकेक शब्द दोर वळावा तसा लांबायचा. नवख्याला फक्त सूर ऐकू येतो. पण मी तुझ्या बाजूला बसून किती लग्नांत झील धरली आहे! तू ओळ सोडायचीस, मी तिचं शेपूट पकडायची. मला तुझे शब्द कळणार नाहीत तर कोणाला कळतील? आणि तू काय गात होतीस?

*आली गं आली, काली पेटी आली,*
*माझ्या ओट्यावर ऐसपैस बसली.*
*चाय पिली गं, दोन-दोन वेला पिली,*
*तंबाखूची पुडी कोणी नाय दिली.*
*उनात भात माझा वालत पडला,*
*कोंबड्या खाती गं, पाहुणा नाय उठला!*

मी खालीच बसले. काली पेटी म्हणजे त्यांचं आवाज भरून घ्यायचं मशीन! तू त्यांच्या तोंडावर त्यांनाच चिडवत होतीस, तेही देवीच्या सुरात! आणि खाली त्यांनी काय लिहिलंय? 'या ओळींत देवीच्या आगमनाचं वर्णन आहे.' त्यांची तरी काय चूक? तू जे सांगितलंस तेच त्यांनी विश्वासानं लिहून घेतलं.

तो दिवस मला चांगला आठवतो. मी घोलवडला चिकूच्या पॅकिंगला गेले होते. संध्याकाळी घरी आले तर तू ओट्यावर पाय पसरून बसलेली, खुशीत. मी विचारलं, "पाहुणे आले होते म्हणे, काय गायलीस?" तू म्हणालीस, "मागितलं ते दिलं." आणि गालात हसलीस. मला वाटलं, फोटो काढले म्हणून म्हातारी खूश आहे!

मी सुनंदाला शब्द सोडवून सांगितले तेव्हा ती रडता रडता हसायला लागली. पोट धरून हसली. "आजी भारीच होती गं!" म्हणाली. मग हसता हसता एकदम थांबली.

"पण आई, मग खरं कुठाय?"

मी पदरानं फोनची काच पुसायला लागले.

"तुला येत असेल ना? तू तर तिच्या शेजारी बसायचीस."

काय सांगू तिला? झील धरणारीला पहिली ओळ येत नसते, तिला पुढचीकडून ऐकायची सवय असते. तू ओळ सोडलीस की माझं तोंड आपोआप चालायचं. तू नाहीस तर ते बंद. तुझ्या गाण्याची मला फक्त शेपटं येतात, आये. डोकी सगळी तुझ्याबरोबर गेली.

सोमवारी मी जानीकडे गेले. माझ्यानंतर तुझ्याबरोबर झील तीच धरायची, आणि फोनमधला मागचा पुसट आवाजही तिचाच वाटला होता. ती अंगणात शिंदीच्या पानांचे झाडू बांधत बसली होती. मी सरळ विचारलं, "जाने, त्या पेटीवाल्यांना म्हातारीनं काय गाऊन दाखवलं, तुला ठाऊक होतं?"

जानी अशी हसली की दात नसलेलं सगळं तोंड दिसलं. "मीच त झील धरली! कोंबड्या खाती गं आलं न् मना हसू आवरंना. म्हातारीनं मांडीला असा चिमटा काढला, अजून काळं असंल बघ."

"अगं, ते आता साऱ्या जगाला ऐकवतायत!"

"ऐकू दे. जगाला काय कोंबड्या नाय?"

मलाही हसू आलं. पण जानीचं हसणं तेवढ्यात विझलं. तिनं झाडू बाजूला ठेवला आणि म्हणाली, "लक्षे, एक सांगते. कोणाला बोलू नको."

गेल्या वर्षी ती आशागडकडे एका लग्नाला गेली होती. तिथं चौकापुढे दोन तरण्या पोरी बसल्या. त्यांच्याकडची धवलेरी कधीच वारली, म्हणून त्यांनी फोनवरून पाठ केलेलं. डोळे मिटून, हात जोडून, अगदी मनापासून. आणि काय म्हटलं त्यांनी? तुझी काली पेटी!

मला आधी खरंच वाटेना. चौकापुढे? कापड टाकलेल्या चौकापुढे, देवी अजून झाकलेली असताना? तिथं कोंबड्यांचं आणि तंबाखूचं गाणं?

"शब्द ओढलेले, पोरींना त काय कळतंय," जानी म्हणाली. "त्यांनी सूर धरला. आम्ही म्हाताऱ्या मागं बसलेलो. पयलं हसू आलं. मग नाय आलं. भगतानं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. कापड त उघडायचंच व्हतं. उघडलं."

"तुम्ही कोणीच बोलला नाहीत?"

"नवरी हलद लावून बसलेली. काय बोलू? तुझ्या लग्नात देवीला कोंबड्या हाकायला बोलावली, असं सांगू?"

आये, हे तुला कळलं असतं तर? देवीपुढे एक शब्द मागेपुढे झाला तर तू माझ्याकडे असं बघायचीस की मला आठवडाभर जेवण गोड लागायचं नाही. आणि आता तुझीच थट्टा देवीपुढे जाऊन बसली! पाहुण्यांना चिडवायला सोडलेलं गाणं फिरून आपल्याच पोरींच्या तोंडात आलं. तुला काय वाटलं, मुंबईला गेलेलं मुंबईतच राहील? ते कुठंही जातं, गं. त्या पोरींचा काय दोष? त्यांना शिकवायला कोणी उरलं नव्हतं म्हणूनच त्या फोनकडे गेल्या. देवीला बोलवायचं सोडून दिलं नाही, हे काय कमी आहे?

मी जानीला म्हटलं, "पण म्हातारीनं असं का केलं? नसतं गायचं तर नाही म्हणायचं."

"नाय म्हणायला ती काय पाहुण्यांशी भांडणार? लांबून आलेले, बिचारे." जानीनं पुन्हा शिंदीचं पान हातात घेतलं. "ते म्हणाले, शेवटपर्यंत म्हणा. शेवटपर्यंत म्हटलं की देवी येते. आली न् बघती त नवरी नाय, चौक नाय, चूल थंडी. तिला काय सांगायचं, रेकॉर्डिंग व्हतं?"

इतका साधा विचार, आये. पाहुण्याला बोलावलं तर घरात काहीतरी असावं लागतं. तू त्यांना फसवलं नाहीस. तुला देवीला फसवायचं नव्हतं.

पण मग माझा राग उफाळून आला. म्हटलं, पेटीत नाही घातलंस ते समजलं. मला का नाही दिलंस? तुझा लेक, माझा नवरा, गेला त्या वर्षी तू मला म्हणालीस, "आता थोडे दिवस तू घरी बस." मी बसले. थोड्या दिवसांनंतर बोलवशील म्हणून वाट बघितली. तू जानीला घेऊन जायला लागलीस. मी काही बोलले नाही. म्हटलं, नवरा गेलेली बाई चौकापुढे नको असेल. पाड्यात यावर दोन मतं आहेत. कोणी म्हणतं चालते, कोणी म्हणतं नाही. मी आपलं नाही धरून चालले. इतकी वर्षं तेच धरून चालले होते.

हे मी जानीला बोलून दाखवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"नवरा गेलेली म्हणून? मग ती स्वता कोण व्हती? तिचा म्हातारा काय घरात बसला व्हता?"

खरंच की! तू तर माझ्या आधी कितीतरी वर्षं विधवा झालीस आणि गात राहिलीस. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी कधी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं नाही.

"मग का?" मी विचारलं.

जानी झाडूची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. मी तिचा हात धरला तेव्हा म्हणाली, "तुझ्या कागदापायी. म्हातारी बोलायची, लक्षी चांगली हाय, सूर चांगला हाय. पण तिला कागदाची सवय. एक दिस लिहून टाकील."

आये!

मला वाचता येतं म्हणून? तेवढ्यासाठी?

तिथून घरी कशी आले मला आठवत नाही. वाटेत कोणीतरी लग्नाचं विचारलं, मी काय उत्तर दिलं देव जाणे. घरी येऊन चौकासाठी रिकाम्या ठेवलेल्या भिंतीसमोर बसले. मी शाळेत गेले नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या लेकानं अक्षरं ओळखायला शिकवली आणि बाकीचं मी चिकूच्या खोक्यांत घालायच्या रद्दीतून शिकले. चिकूच्या डिंकानं बोटं चिकट झालेली, आणि मी फाटक्या बातमीचा शेवट दुसऱ्या कागदावर शोधायची. बायका हसायच्या. तू म्हणायचीस, "कागद वाचून पोट भरतं का?" मला वाटायचं म्हातारी थट्टा करते. तू तर मला घाबरत होतीस!

आणि तुझ्या गोळ्यांची पाकिटं कोण वाचायचं? रेशन दुकानावर लावलेली पाटी? रेल्वेच्या डब्यावरचं नाव? "लक्षे, हे काय लिहिलंय बघ गं," असं दिवसातून किती वेळा म्हणायचीस! तेव्हा माझं वाचणं चालायचं तुला. तेव्हा बरं गोड लागायचं!

एकदा विचारायचं तरी होतं. "लक्षे, तुला गाणं दिलं तर लिहिशील का?" एवढंच. मी काय उत्तर दिलं असतं, याचा मी दोन दिवस विचार केला. खरं सांगू? तेव्हा मी लिहिलं असतं. विसरू नये म्हणून, चांगल्या अक्षरात लिहून ट्रंकेत ठेवलं असतं. तुझी भीती खोटी नव्हती. पण तू विचारलं असतंस आणि जानीला सांगितलंस तसं चुलीचं, देवीचं मला समजावलं असतंस, तर मी नसतं लिहिलं. वाचणाऱ्या माणसालाही समजावलेलं समजतं, आये.

जानीला हे बोलून दाखवलं तर ती म्हणते, "अगं, आपण चौक लिहितो तो भिंतीवर. पावसात भिंत जाते, लिहिलेलं जातं. कागद रहातो न् कोणाच्या बी हातात जातो. म्हातारीला ते नको व्हतं." बरोबर आहे तिचं. पण तोंडातलं तर त्याहूनही लवकर जातं. ते तुला कोणी सांगितलं नाही का?

मंगळवारपासून आम्ही दोघी बसतोय. जानी मध्येच एखादी सुरुवात आठवते, ती म्हटली की माझं शेपूट आपोआप निघतं. शेपूट निघालं की कधीकधी त्यावरून डोकंही सापडतं. वासराला ओळखून गाय शोधावी तसं चाललंय. सुनंदानं पहिल्या दिवशी फोन काढला, "रेकॉर्ड करू?" म्हणाली. जानीनं तिच्याही मांडीला चिमटा काढला. नर्सबाई ओरडली! फोन आत ठेवून आली.

बरंच सापडलंय. सगळं नाही सापडलं. मधला एक भाग अजिबात निघत नाही. कुठला, ते इथे लिहीत नाही. इकडच्या-तिकडच्या पाड्यांवर म्हाताऱ्यांकडे जाऊन आलो. एकीला आता स्वतःच्या लेकाचं नाव आठवत नाही, दुसरी गेल्या भातकापणीला वारली. तो भाग गेला, आये. तुझ्याबरोबर गेला. तुला शोधायला कोणाच्या दारी जाऊ?

सुनंदा म्हणाली, "आई, मधलं तू जुळव ना. तुला शब्द सुचतात. कोणाला कळणार?"

मी म्हटलं, "आशागडच्या पोरींना तरी कुठं कळलं?"

मग मुंबईला फोन लावला. संग्रहालयाच्या खाली नंबर होता. ज्या मॅडम पेटी घेऊन आपल्याकडे आल्या होत्या, त्याच अजून तिथं आहेत. मी माझं नाव सांगितलं, तुझं सांगितलं. त्यांना तू आठवलीस. "अहो ताई, किती सुंदर गायल्या होत्या त्या," म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, राग मानू नका. ते तुम्हाला चिडवलेलं आहे."

"म्हणजे?"

मी त्यांना चहाचं सांगितलं, तंबाखूचं, कोंबड्यांचं. त्या म्हणाल्या, "मी खरंच दोनदा चहा घेतला होता." आणि त्या हसल्या. पण ते हसणं पुरतं हसणं नव्हतं. "ताई, मी हे केवढ्या लोकांना ऐकवलंय! शाळांमध्ये ऐकवलंय. काढून टाकू का?"

काढून टाकू का! मला धसका बसला. एवढा एकच तुझा आवाज जगात उरलाय, आये. तुझा खोकला, तुझा सूर. मी म्हटलं, "नको, नको. आवाज राहू दे. पाटी बदला. हे देवीचं गाणं नाही, पाहुण्यांना दिलेलं आहे, असं लिहा. लग्नात म्हणू नये, असंही लिहा, मोठ्या अक्षरांत."

"लिहिते. आजच लिहिते." मग त्या म्हणाल्या, "मग खरं गाणं कोणाला येतं, ताई?"

मी सांगितलं, जेवढं उरलंय तेवढं आम्हा दोघींना.

"आम्ही येऊ का? तुमच्यानंतर ते हरवायला नको."

त्यांचं चुकीचं नव्हतं. हे मी तुला ठासून सांगते, कारण तू त्यांना नुसते पेटीवाले समजलीस. ठेवलं नाही म्हणूनच तर ते गेलं, मधला भाग कुठं गेला हे मी स्वतः बघतेय! आणि त्यांचं संग्रहालय नसतं तर गाणं नाही हे आम्हाला हळदीच्या दिवशी कळलं असतं. त्यांनी तुझं नाव लिहिलं, गाव लिहिलं. आपल्या पोरींनी देवीचा सूर त्यांच्याकडून उचलला, आमच्याकडून नाही. तोंडाशी 'या' आलं होतं.

पण मी विचारलं, "मॅडम, तुमचं संग्रहालय कधी बंद असतं?"

"कधीच नाही. तेच तर त्याचं चांगलं आहे. कोणीही, कुठूनही, कधीही ऐकू शकतं."

"मग देवीनं कधीही यायचं का?"

"देवीनं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "भाताच्या आवणीची गाणी देते, पोरांना निजवायची देते. ती कोणालाही कधीही ऐकू द्या, जगभर ऐकू द्या. आणि या वेळी जेवून जा. पण हे गाणं नाही द्यायचं मला."

"समजलं," त्या म्हणाल्या. समजलं असं मला वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी सुनंदानं दाखवलं, तुझ्या फोटोखालची पाटी बदललेली होती. त्यांनी स्वतःचा दोन वेळचा चहासुद्धा लिहिला होता.

आता तुला शब्द देते.

सुनंदाच्या चौकापुढे मी बसणार आहे. कोणाला विधवा चालत नसेल तर त्यानं तोंडावर येऊन सांगावं. जानी म्हणते, तिच्याकडे चिमटा तयार आहे. पहिली ओळ मी सोडणार, तुझ्यासारखी खोकून सोडणार नाही, माझी मी सोडणार. आणि झील कोण धरणार आहे, सांगू? आशागडच्या त्या दोन पोरी. मी त्यांना बोलावून घेतलंय. सगळं कळलं तेव्हा एक जण इतकी रडली की मलाच कसंतरी झालं. आता दोघी रोज दुपारी येतात. दोघी कॉलेजात जातात, माझ्याहून दसपट वाचतात. फोन ओट्यावर ठेवून आत येतात आणि तोंडी शिकतात. शिकता येतं, आये. तुला उगीच वाटलं की नाही येणार.

जिथं तुझी ओळ गेली आहे तिथं मी थांबेन. जुळवून काही घालणार नाही. पोरी विचारतील, इथं काय होतं? मी सांगेन, इथं एका बाईचं होतं, ते तिनं कोणाला दिलं नाही. पुढचं मात्र मी त्यांना देईन, आणि पुढे ज्यांना द्यायचं त्यांना आधी विचारून घ्यायला शिकवीन.

हे पत्र मी आत्ता पहिल्यापासून वाचून पाहिलं. खऱ्या गाण्याची एकही ओळ त्यात नाही. लिहिताना किती तरी ओळी हाताशी आल्या होत्या. नाही लिहिल्या.

तुझी सून,
लक्षी